बिलिंबीचा अंदाज

माझ्या धाकट्या दिराचं लग्न ज्या वर्षी एकदा मोडलं आणि मग पुन्हा त्याच मुलीशी जमलं, त्या वर्षीची ही गोष्ट. सन कुठला होता ते आमच्या घरात कुणी धड सांगणार नाही. लग्न मात्र सगळ्यांना आठवतं, कारण मोडल्याच्या रागात दिराने नवा शिवलेला कोट शेजारच्या न्हाव्याला देऊन टाकला होता, आणि जमल्यावर तोच कोट एका दिवसापुरता मागून आणावा लागला. न्हावी म्हणाला, "न्या, पण बाहीला रस्सा लावू नका. मला परवा घालायचाय." लग्न झालं, दीर बायकोला घेऊन दुसऱ्या गावी गेला आणि घरात आम्ही चौघं उरलो. सासूबाई, मामंजी म्हणजे माझे सासरे, माझा नवरा आणि मी. मला तेव्हा चौथा महिना होता.

घर आगगाडीच्या डब्यासारखं लांबट. रस्त्याच्या अंगाला मामंजींचं कुलपांचं दुकान. दुकान म्हणजे दीड माणूस मावेल एवढी जागा, त्यातला एक मामंजी आणि अर्धा गिऱ्हाईक. त्याच्या मागे सासूबाईंची तीन टेबलांची खानावळ. मग स्वयंपाकघर, मधल्या भिंतीत ताटं सरकवायची खिडकी. आणि मागच्या दाराबाहेर फरशीचं अंगण, त्यात बिलिंबीचं झाड.

बिलिंबी पुष्कळांनी पाहिलेली नसते. बोटाएवढं हिरवं फळ, लहान काकडीसारखं, साल इतकी पातळ की नखाने फाटते. फांदीच्या टोकाला लटकत नाही, खोडालाच फुटतं, घामोळं उठावं तसं, झुबक्याने. आणि आंबट असं की लिंबू त्याच्यापुढे गोड म्हणावं. नुसतं कुणी खात नाही. माशाच्या रश्शात घालायचं, डाळीत घालायचं. पातळ चकत्या करून कांदा-मिरची-मीठ लावून तोंडी लावायचं. उन्हाळ्यात साखरेत शिजवून सरबत. जास्त आलं तर मीठ लावून उन्हात टाकायचं, ते काळं पडून आक्रसतं आणि वर्षभर टिकतं. लोणचं तर घालायचंच. शिवाय पांढऱ्या चादरीला लोखंडाचा डाग पडला तर त्यावर घासायचं, पितळेची भांडी त्यानेच लखलखीत करायची. अंगाला खाज सुटली तर पाल्याचा लेप. आमच्या गल्लीत एकच झाड होतं, ते आमचं, आणि हातात वाटी घेऊन दारात कुणी तरी उभं असायचंच.

सासूबाईंच्या खानावळीत भात, मासा आणि डाळ यापलीकडे काही नव्हतं. तरी समोरच्या छापखान्यातली माणसं दुसरीकडे जात नसत, ती त्या रश्शाच्या आंबटपणासाठी. त्याचं असं होतं, की बिलिंबीला माप लागू पडत नाही. उन्हाच्या बाजूचं फळ वेगळं, सावलीचं वेगळं. पाऊस पडून गेला की झाड पाणचट होतं, चार दिवस कडक ऊन पडलं की पेटतं. म्हणून सासूबाई रोज सकाळी अंगणात जाऊन एक फळ तोडत आणि चावत. चावलं की त्यांचा उजवा डोळा मिटायचा, खांदा वर येऊन कानाला लागायचा, आणि थोड्या वेळाने त्या आकडा सांगायच्या. "आज बारा." किंवा, "झाड रागावलंय, सातच टाक." तेवढी फळं मी चिरायची. हा चावा दुसऱ्या कुणी घ्यायचा नाही. माझं लग्न होऊन दीड वर्ष झालं होतं, चिरणं-वाटणं माझ्याकडे आलं होतं, पण चावा त्यांचा.

दिराच्या लग्नानंतर सासूबाईंना ताप आला. चांगला लांबला. सर्दीने नाक-डोकं बंद झालं. त्या दिवसांत मी भात आणि साधी डाळ करून वेळ मारून नेली. ताप उतरला तशा त्या उठल्या, कमरेला फडकं बांधलं आणि सकाळी अंगणात गेल्या. चावा घेतला, आकडा सांगितला. मी चिरलं.

त्या दिवशी रस्सा अगदी पाणचट झाला. दुसऱ्या दिवशी एवढा आंबट की छापखान्याच्या फोरमनने पहिल्या घासाला टेबल धरलं. मग दोन दिवस पुन्हा पाणचट. मला वाटलं, बाई अजून अशक्त आहेत. गिऱ्हाईकं काही बोलत नव्हती. सासूबाईंना काही सांगायची कुणाची छाती नव्हती, आणि त्या आजारातून उठलेल्या. फोरमन ताटात मान घालून जेवायचा आणि जाताना म्हणायचा, "तब्येतीला जपा हो." पण त्याच्या दोन माणसांनी कोपऱ्यावरच्या हॉटेलात जायला सुरुवात केली, ते मला ताटं मोजताना कळायचं.

एका सकाळी मी अंगणात भांडी घासत बसले होते. सासूबाईंनी फळ तोडलं, चावलं, आणि माझ्याशी बोलत राहिल्या, दिराच्या बायकोने पाठवलेल्या निरोपाबद्दल. बोलता बोलता दुसरा चावा घेतला. मग तिसरा. डोळा उघडाच, खांदा जागच्या जागी. काकडी खावी तसं ते फळ त्यांनी देठापर्यंत खाल्लं आणि देठ टाकून म्हणाल्या, "दहा."

माझ्या हातातली राख तशीच राहिली.

"काय बघतेस?"

"आई, तुम्ही सगळं फळ खाल्लंत."

त्यांनी खाली पडलेल्या देठाकडे पाहिलं. मग मागे वळून दार लोटून घेतलं आणि माझ्यासमोर उलट्या बादलीवर बसल्या.

"काही लागत नाही गं. ताप आला तेव्हापासून. जीभ नाही, लाकूड आहे तोंडात. आंबट नाही, गोड नाही, चहा म्हणजे गरम पाणी. मीठ हाताला पाठ आहे, ते मी आंधळी झाले तरी चुकणार नाही. पण हे झाड रोज नवं. त्याला मी काय करू?"

"मग आकडा कसा सांगता?"

"सांगते असाच."

"यांना सांगू का? मामंजींना?"

"खबरदार. त्यांच्या कानात गेलं की न्हाव्याच्या दुकानात गेलं, आणि तिथून साबण लावून गावभर. तुला दिसतंय ना, ही बाई आता कामाची राहिली नाही, असंच म्हणतील सगळे. आणि खरं आहे ते."

मामंजींबद्दल त्या बोलल्या ते काही खोटं नव्हतं. शहरातलं कुठलंही कुलूप त्यांच्या हाताखाली उघडायचं, पण त्यांचं स्वतःचं तोंड बंद करणारं कुलूप कुणी बनवलं नव्हतं. दुकानासमोरून जाणाऱ्याला ते कालपासूनचं सगळं सांगत.

त्याच संध्याकाळी माझा नवरा घरी आला तो बातमी घेऊन. तो टपालाची मोटार चालवायचा आणि आठवड्यातून दोनदा त्याच्या थोरल्या बहिणीच्या गावावरून जायचा. वन्सं तिथे मुलींच्या वसतिगृहाच्या मुख्य स्वयंपाकीण. आईच्या हाताखाली शिकलेल्या, जीभ आईचीच, दोन्ही अर्थांनी.

"ताई येतेय पुढच्या शुक्रवारी," तो बूट काढत म्हणाला. "मी सांगितलं तिला, आईला आता झेपत नाही. ती म्हणाली, मी येते, शनिवारी जेवते, आणि तसं असेल तर आईला घेऊनच जाते. खोली रंगवून ठेवलीय म्हणे. खिडकी आहे."

"तुला कुणी सांगितलं मला झेपत नाही?" सासूबाई आतून म्हणाल्या.

"आई, कालचा रस्सा मी खाल्ला."

"तुला काय कळतं? तुला चुना वाढला तर दही म्हणून खाशील."

"तेच म्हणतोय. मला कळलं, म्हणजे बघ."

सासूबाई भात उपसायला गेल्या. बाईने आयुष्य त्या चुलीपुढे काढलेलं. लेकीच्या घरी सुख होतं, नव्हतं असं नाही. पण खिडकीत बसायचं म्हणजे त्यांच्या लेखी संपलंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मला म्हणाल्या, "आजपासून तू चाव."

मी चावलं. मला काही वाटलं नाही. म्हणजे आंबट लागलं, पण छान लागलं. आणखी एक खाल्लं. चौथा महिना, मला त्या दिवसांत कैरीची सालसुद्धा गोड लागत होती, आणि हे आम्हा दोघींपैकी एकीच्याही ध्यानात आलं नाही. मी आपली म्हणाले, "आज मवाळ आहे झाड, वीस टाकू या."

दुपारी फोरमनने पहिला घास घेतला आणि डोळे मिटून बसून राहिला. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. न्हावी त्याच्या शेजारी होता. तो खिडकीत येऊन हळूच मला म्हणाला, "वहिनी, थोडा रस्सा बाटलीत भरून द्या. गिऱ्हाईकाला पाजतो. वस्तरा लावायला नको, दाढीचे केस आपोआप आत जातील."

त्या दिवशी सासूबाई जेवल्या नाहीत. मीही नाही, म्हणजे मी बिलिंब्या खाल्ल्या.

दुपार टळल्यावर मामंजींनी मला दुकानात हाक मारली. ते एका जुन्या कुलपाशी खटपट करत होते.

"सूनबाई, बैस. तिला चव येत नाही, होय ना?"

मी पदराने शेजारच्या कुलपावरची धूळ पुसायला लागले.

"बोलू नकोस. तुला गप्प बसायला सांगितलं असेल. मला भिंतीपलीकडून ऐकू येतं. ती रस्सा चाखते आणि पळी कढईच्या काठावर आपटते. जमला असेल तर एकदा, कमी असेल तर दोनदा. ताप उतरल्यापासून पळी वाजलेलीच नाही."

"मग तुम्ही काही बोलला नाहीत?"

"तिने सांगितलं नाही, म्हणजे तिला मला कळायला नको आहे. मी काय गावभर दवंडी पिटत हिंडतो?"

मी खाली पाहिलं.

"पिटतो," ते म्हणाले. "पण ही नाही."

त्यांच्यासमोर मातीच्या वाडग्यात बिलिंबीचा रस होता. त्यांचं ते रोजचंच. गंजलेली कुलपं, अडकलेल्या किल्ल्या ते त्या रसात टाकून ठेवत. गंज सुटून यायचा. त्यांनी वाडग्यातून एक किल्ली चिमट्याने उचलून मला दाखवली. अर्धी काळी-तांबडी होती, अर्धी उजळलेली.

"तिने जिभेवर बघायचं, मी गंजावर बघतो. झाड तर एकच आहे. ऊन पडलं असलं की किल्ली लगेच उजळते. पाऊस झाला असला की संध्याकाळपर्यंत वाट बघावी लागते. आज ही इतक्यात उजळायला लागली, आणि तू वीस टाकलीस. मारायचं होतं का लोकांना?"

ते उठले, दुकानाची फळी लावली आणि सरळ मागे अंगणात गेले. सासूबाई पायरीवर बसल्या होत्या. मी दारात थांबले.

"अगं, तुला चव येत नाही ते मला माहीत आहे," मामंजी म्हणाले.

सासूबाईंनी आधी माझ्याकडे पाहिलं.

"तिने नाही सांगितलं. मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे."

"आणि न्हाव्याला?"

"न्हाव्याला नाही."

"खरं सांगा."

"खरंच नाही. पोट फुगलंय माझं दाबून दाबून. आजारी पडेन मी."

सासूबाई पहिल्यांदा हसल्या. मग डोळे पुसले, मग रागावल्या, की इतके दिवस त्या नाटक करत होत्या आणि हे आत बसून ऐकत होते. रागावणं बराच वेळ चाललं. ते संपल्यावर मामंजींनी किल्लीचं सांगितलं.

दुसऱ्या सकाळपासून आमच्या अंगणात नवीनच काम सुरू झालं. मामंजी झाडाच्या चारी अंगांची एकेक बिलिंबी तोडायचे, रस पिळायचे आणि त्यात गंजलेली किल्ली सोडायचे. वेळ कसा धरायचा हा प्रश्न होता. घड्याळ नवऱ्याच्या मनगटावर, आणि तो पहाटेच गाडीवर. मामंजी म्हणाले, "माझा चहा. मी रोज एवढाच पितो, एवढाच गरम पितो." मग असं ठरलं, की किल्ली सोडताना कप तोंडाला लावायचा आणि कप रिकामा झाला की किल्ली काढायची. निम्मी उजळली तर दहा फळं. पूर्ण उजळली तर सहा. नुसतीच ओशाळली, म्हणजे जेमतेम फिकी पडली असेल, तर पंधरा. हे आकडे काही आकाशातून पडले नाहीत. सासूबाई दुपारी खिडकीतून फोरमनच्या पहिल्या घासावर डोळा ठेवायच्या आणि संध्याकाळी आम्ही आकडा पुढे-मागे सरकवायचो. सगळ्या किल्ल्या सारख्या गंजायला हव्यात म्हणून मामंजी त्या खारट पाण्यात बुडवून दुकानाच्या कठड्यावर ओळीने ठेवायला लागले. एका गिऱ्हाइकाने विचारलं, "अहो, तुम्ही गंज काढता की लावता?" मामंजी म्हणाले, "पिकायला ठेवल्यात."

बुधवारपर्यंत रस्सा मार्गी लागला. गुरुवारी पुन्हा बिघडला. अगदी पाणचट. सासूबाईंनी फोरमनचा चेहरा पाहिला आणि थेट दुकानात गेल्या.

"सकाळी काय झालं?"

"काही नाही. किल्ली लख्ख उजळली, म्हणून सहा."

"चहा पिताना कोण आलं होतं?"

मामंजी थोडे घुटमळले. "न्हावी आला होता. त्याच्या मेव्हण्याची गोष्ट सांगत होता. मी फक्त हूं हूं केलं."

"मेव्हण्याची कुठली? ती दुकानाच्या वाटणीची? ती चांगली लांब आहे."

"कप हातातच थंड झाला, आणि किल्ली तोवर रसातच," मामंजींनी कबूल केलं.

तेव्हापासून हुकूम निघाला. किल्ली रसात असेपर्यंत मागचं-पुढचं अशी दोन्ही दारं बंद, आणि मामंजींनी एक शब्द बोलायचा नाही. त्यांच्यासाठी ही शिक्षा किती मोठी होती ते त्यांना ओळखणाऱ्यालाच कळेल.

शुक्रवारी संध्याकाळी वन्सं आल्या. उंच, हातात पिशवी, आल्या आल्या स्वयंपाकघरातल्या कढईचं झाकण उचलून वास घेतला. सासूबाईंनी झाकण हातातून काढून घेतलं.

"उद्या जेव. आज पाहुणी आहेस."

"आई, वाळलीस."

"ताप होता."

"खोली रंगवलीय. तुला आवडतो तो रंग."

"मला कुठला रंग आवडतो?"

वन्संनी जरा विचार केला. "पिवळा."

"पिवळा तुझ्या बाबांना आवडतो," सासूबाई म्हणाल्या आणि ताटं मांडायला लागल्या.

सकाळी आम्ही तिघं अंगणात जमलो. मामंजींनी रस पिळला, किल्ली सोडली, कप उचलला. सासूबाई बादलीवर, नजर वाडग्यात. मी खांबाला टेकून. कुणी हूं की चूं करत नव्हतं. तेवढ्यात मागचं दार उघडून वन्सं बाहेर आल्या. केस मोकळे, डोळ्यांत झोप. त्यांनी आईला पाहिलं, मला पाहिलं, मग बापाला पाहिलं, गप्प बसून चहा पिताना, आणि त्यांचा चेहराच उतरला.

"काय झालं? बाबा गप्प का? कोण गेलं?"

सासूबाईंनी नुसता हात वर केला, थांब. मामंजींनी डोळ्यांनी धीर दिला आणि एक घोट घेतला.

"अहो, सांगा ना कुणी तरी. वहिनी?"

मी ओठांवर बोट ठेवलं. वन्सं भिंतीला धरून मटकन खाली बसल्या. मामंजींनी शेवटचा घोट घेतला, कप उपडा केला आणि चिमट्याने किल्ली उचलली.

"निम्म्याला जरा कमी," ते म्हणाले. "अकरा. कुणी नाही गेलं, बाई. स्वयंपाक चाललाय."

मग सगळं सांगावंच लागलं. मामंजी सांगायला लागले, पण सासूबाईंनी त्यांना थांबवलं आणि स्वतः सांगितलं. लाकूड झालेल्या जिभेपासून माझ्या वीस फळांपर्यंत. माझ्या वीस फळांना वन्सं हसल्या, बाकी गंभीर होत्या.

"आई, हा पोरखेळ आहे."

"असेल."

"चव नसलेली बाई खानावळ चालवते. कुणाला कळलं तर काय म्हणतील?"

"काय म्हणतील? जेवतायत ना."

"किल्लीवर?"

"तू वसतिगृहात घड्याळ लावून भात उतरवतेस. मी कधी काही म्हटलं?"

"ते वेगळं. आई, तुला आराम नको का? तिथे मी करीन, तू बस, खा."

सासूबाई वाडग्यातला रस ढवळत होत्या. त्यात गंज उतरून तो पिवळट झाला होता.

"काय खाऊ? मला भात आणि कापूस सारखाच. तिथे तू मायेने वाढशील आणि मी तुझ्यासाठी छान म्हणत गिळत बसेन, रोज. इथे निदान दुसऱ्यांना जेवताना बघते. मला आता तेवढीच चव आहे, पोरी. खिडकीतून दिसते तेवढी."

वन्सं म्हणाल्या, "दुपारी जेवते. मग ठरवू."

"ठरव. पण आत येऊन पळीने चाखायचं नाही. बाहेर टेबलावर बस, चारचौघांसारखी. आणि जमलं नसेल तर तोंडावर सांग. मी पिशवी भरीन."

त्यांनी तसं म्हटलं आणि मला धडकी भरली, कारण त्या बोललेलं करत.

त्या दिवशी मी अकरा फळं चिरली. सासूबाईंनी मासा धुतला, रस्सा चढवला, उकळी आल्यावर बिलिंबी टाकली आणि विस्तव ओढून घेतला. एकदाही चाखला नाही. चाखून उपयोग नव्हता. मामंजी दुकान सोडून तीन वेळा आत येऊन गेले. चौथ्या वेळी सासूबाई म्हणाल्या, "तुमच्याकडे गिऱ्हाईक नाही का?" ते म्हणाले, "आहे, त्याला कोंडून आलोय."

जेवणाच्या वेळी वन्सं मधल्या टेबलावर बसल्या, फोरमनच्या समोर. तो त्यांना ओळखत नव्हता. मी ताटं सरकवत होते आणि सासूबाई माझ्या खांद्यावरून बघत होत्या. वन्संनी भात कालवला, पण तोंडात घातला नाही. फोरमनला विचारलं, "काय हो, इथलं जेवण कसं असतं हल्ली?"

फोरमन चावत चावत म्हणाला, "मध्ये वाईट दिवस आले होते. पोटात खड्डे पडले आमच्या. दोघं तर कोपऱ्यावर जेवायला लागले. हे बघा, बसलेत. आले परत."

"आणि तुम्ही गेला नाहीत?"

"नाही."

"का?"

"कोपऱ्यावरचा मालक वाढून झालं की घड्याळाकडे बघतो. लवकर उठा म्हणून. ह्या बाई तोंडाकडे बघतात." त्याने खिडकीकडे मान केली. "वाईट दिवसांतही बघत होत्या. अशा माणसाला सोडून कसं जायचं? जेवा तुम्ही, गार होतंय."

वन्संनी घास घेतला. माझ्या खांद्यावरचा सासूबाईंचा हात घट्ट झाला. वन्संनी दुसरा घेतला, तिसरा घेतला. चेहऱ्यावरून काही कळेना, त्याही आईच्याच लेक. ताटातलं सगळं संपवलं, ताट उचललं आणि खिडकीशी आल्या.

"मीठ कमी आहे."

"मुळीच नाही," सासूबाई म्हणाल्या.

"आहे."

"तुला वसतिगृहातलं खारट खायची सवय झालीय."

"असेल," वन्सं म्हणाल्या. "आंबट बरोबर आहे."

"बरोबर म्हणजे?"

"म्हणजे बरोबर. आणखी भात वाढ."

सासूबाईंनी वाढला, जरुरीपेक्षा बराच. मग त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ताटं खोळंबलीत, बघतेस काय?" आणि चुलीकडे तोंड करून उभ्या राहिल्या, बराच वेळ.

संध्याकाळी वन्संनी मामंजींना धरलं. "बाबा, आणि तुम्हाला काही झालं, तर किल्लीचं कोण बघणार?" मामंजींनी तोंड उघडायच्या आत सासूबाई आतून म्हणाल्या, "चहा काय कुणीही पिऊ शकतं. वहिनीला शिकवून ठेवते. बाळंत होऊ दे, म्हणजे जीभ ठिकाणावर येईल."

वन्सं सोमवारी भावाच्या गाडीतून एकट्याच परत गेल्या. जाताना खारवलेल्या बिलिंब्यांचा मोठा डबा नेला आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "मीठ खरंच कमी होतं गं. पण तिला सांगू नकोस." तीन दिवसांनी मामंजींनी सगळी हकिगत न्हाव्याला सांगितली. तोवर आमची सगळ्यांची हरकत संपली होती. न्हाव्याने ती फोरमनला सांगितली. फोरमन म्हणाला, "किल्ली तर किल्ली. उद्या मासा कुठला आहे?"

माझी मुलगी त्या वर्षाच्या अखेरीस झाली. मामंजी ती सहा वर्षांची असताना, कडक उन्हाळ्यात, दोन दिवसांच्या दुखण्याने गेले. सासूबाई त्यानंतर आठ वर्षांनी, श्रावणात, सकाळी अंगणात गेल्या असताना गेल्या. मामंजींनंतर किल्लीचा चहा मी प्यायचे, पण खानावळ त्या दिवसापर्यंत त्यांनीच चालवली.